वाचक विचारतात : वितळणाऱ्या तळ्याच्या काठावर

या अंकासाठी आलेली बरीच पत्रे थंड प्रदेशांतील, हिवाळाभर गोठून राहणाऱ्या तळ्यांच्या काठी वसलेल्या खेड्यांतून आली आहेत, म्हणून हा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. प्रश्न वेगवेगळे असले, तरी बहुतेकांची उत्तरे शोधताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते : बर्फाच्या थरातून खाली किती सूर्यप्रकाश पोहोचतो, यावर तळ्याच्या वसंताचे बरेचसे भवितव्य ठरते. हवा उबदार झाली की बर्फ वितळतो, एवढ्याच समजुतीवर विसंबणाऱ्याची केवळ फसगत होत नाही, कधी कधी ती समजूत जिवावरही बेतते.

प्रश्न : संध्याकाळपर्यंत तळ्यावर करड्या रंगाचा बर्फ होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सारे पाणी मोकळे झाले. गावातील वडीलधारी माणसे सांगतात की बर्फ रात्रीतून तळाशी बुडतो. हे खरे आहे का?

उत्तर : बर्फ बुडत नाही. त्याची घनता पाण्याच्या घनतेच्या सुमारे 92 टक्के असते, त्यामुळे तो कितीही जुना, सच्छिद्र किंवा तुकडे झालेला असला तरी तरंगतच राहतो. मात्र वडीलधाऱ्यांचे निरीक्षण अचूक आहे. बर्फ खरोखरच काही तासांत दिसेनासा होतो, आणि त्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे.

हिवाळ्यात बर्फावर हिमाचा थर असतो. ताजे हिम आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के प्रकाश परत फेकते, म्हणून दिवस मोठा होऊ लागला तरी सुरुवातीला तळ्यावर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. हिम वितळून उघडा बर्फ दिसू लागला की चित्र पालटते. प्रकाश आता बर्फात आणि बर्फाखालच्या पाण्यातही शिरतो. बर्फाला लगटून असलेले पाणी शून्य अंशाजवळ असते. ते थोडे तापले की पाण्याच्या असंगत आचरणामुळे अधिक जड होऊन खाली जाते, कारण पाण्याची घनता 4 अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. अशा रीतीने बर्फाचे आवरण जागेवर असतानाच त्याखालचे पाणी हळूहळू वरखाली होऊन तापू लागते. त्याच सुमारास काठाची उघडी जमीन आणि तिच्यालगतचे उथळ पाणी तापून कडेचा बर्फ आधी वितळतो, आणि मधला मोठा पत्रा काठापासून सुटा होऊन पाण्यावर नुसता तरंगत राहतो.

खरा बदल बर्फाच्या आत घडतो. तळ्याच्या स्वच्छ बर्फाचे स्फटिक बहुधा उभ्या खांबांसारखे वाढलेले असतात. पाणी गोठताना त्यातील क्षार आणि इतर अशुद्ध द्रव्ये या खांबांच्या सांध्यांत ढकलली जातात, त्यामुळे ऊन आत शिरले की सर्वांत आधी सांधे वितळतात. अखेरीस उरतात ते शेजारीशेजारी उभे असलेले, एकमेकांना जेमतेम धरून राहिलेले बर्फाचे खांब. या अवस्थेतील बर्फ 'कँडल आइस' या नावाने ओळखला जातो. त्याच्या फटींत पाणी भरते, म्हणून तो काळसर दिसतो. मग एखाद्या रात्री जोराचा वारा सुटला की संपूर्ण पत्रा मोडतो, खांब सुटे होऊन किणकिण आवाज करीत एकमेकांवर आपटतात, लाटा खालचे उबदार पाणी त्यांच्यावर आणतात आणि वितळण्यासाठी प्रचंड पृष्ठभाग उपलब्ध झाल्यामुळे सारे काही तासांत संपते.

शेवट अचानक दिसतो, पण त्यामागील काम कित्येक आठवडे चाललेले असते. शून्य अंशाच्या 1 किलो बर्फाचे शून्य अंशाच्याच पाण्यात रूपांतर करण्यासाठी सुमारे 334 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने 1 किलो पाणी शून्यापासून जवळजवळ 80 अंशांपर्यंत तापले असते. हा अप्रकट उष्मा बर्फ दिवसेंदिवस शोषत असतो, परंतु त्याच्या तापमानात कोणतीही वाढ होत नसल्यामुळे काठावरून पाहणाऱ्याला आत काय चालले आहे याचा अंदाज येत नाही.

प्रश्न : आमच्या मुलांनी भोक पाडून बर्फाची जाडी मोजली, ती 30 सेंटीमीटर भरली. एवढ्या बर्फावरून हिवाळ्यात मोटार जाते, मग मुलांनी चालायला काय हरकत आहे, असे घरातील मंडळींचे म्हणणे आहे. मला मात्र भीती वाटते.

उत्तर : आपली भीती योग्य आहे आणि आपण तिच्यावर ठाम राहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्वच्छ, घट्ट बर्फ 10 सेंटीमीटर असेल तर एकट्या माणसाने चालावे, लहान मोटारीसाठी तो 20 ते 30 सेंटीमीटर असावा, असे जे ठोकताळे सांगितले जातात, ते हिवाळ्याच्या ऐन थंडीत नव्याने धरलेल्या बर्फासाठी आहेत. ओले हिम गोठून तयार झालेला पांढरा, अपारदर्शक बर्फ त्यातही निम्म्याच ताकदीचा मानला जातो. वसंतातील बर्फाला यांपैकी कोणताही ठोकताळा लागू पडत नाही. वर सांगितल्याप्रमाणे त्याचे सांधे सुटलेले असतात. जाडी कायम असते, ताकद निघून गेलेली असते. मुलांची मोजणी बरोबर असूनही तिच्यावरून काढलेला निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा आणि घातक ठरतो, तो याच कारणामुळे.

रात्रीच्या थंडीने वरचे पाणी पुन्हा गोठून सकाळी टणक कवच तयार होते आणि त्यावर पाय ठेवला की भक्कम वाटते. हे कवच उन्हे वर आली की टिकत नाही, आणि सकाळी गेलेला माणूस दुपारी त्याच वाटेने परत येऊ शकेल याची कोणतीही खात्री नसते. ओढा जेथे तळ्याला मिळतो ती जागा, तळाशी झरे असलेला भाग, वेताच्या आणि लव्हाळ्यांच्या बेटांचा परिसर, धक्क्याचे खांब आणि पुलाखालचा अरुंद प्रवाह या ठिकाणी बर्फ नेहमीच इतरांपेक्षा आधी कमकुवत होतो. बर्फ काळा-करडा दिसणे, पृष्ठभागावर मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसणे, काठालगत पाण्याचा पट्टा उघडा पडणे, यांपैकी एकही खूण दिसली की त्या वर्षापुरते बर्फावर जाणे संपले, असा नियम घराघरांत असावा. कुत्रा बर्फातून पाण्यात पडला म्हणून त्याच्यामागे धावू नये, हेही मुलांना आधीच आणि स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. ऐन वेळी मायेपोटी विवेक राहत नाही.

तरीही कोणी पाण्यात पडलेच, तर काय करावे हे तळ्याकाठच्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. कॅनडातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी थंड पाण्यासंबंधी एक सोपे सूत्र लोकांपर्यंत पोहोचवले आहे : 1 मिनिट, 10 मिनिटे, 1 तास. पहिल्या सुमारे एका मिनिटात थंडीच्या धक्क्याने धाप लागते, तेव्हा फक्त डोके पाण्याबाहेर ठेवून श्वास ताब्यात आणावा. त्यानंतर साधारण 10 मिनिटे हातापायांत उपयोगी पडेल इतकी शक्ती असते. शरीर गारठून शुद्ध हरपण्यास मात्र सुमारे एक तास लागतो, म्हणजे घाबरून हातपाय मारण्याइतकी घाई नसते. ज्या दिशेने आलो त्याच दिशेला तोंड वळवावे, कारण तिकडच्या बर्फाने निदान काही वेळापूर्वी आपले वजन पेलले होते. दोन्ही हात बर्फावर पसरून पाय पोहल्यासारखे जोरात मारावेत, शरीर आडवे करीत पोटावर सरकत बाहेर यावे आणि बाहेर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जावे.

काठावरील माणसाने आधी मदतीसाठी आपत्कालीन सेवेला कळवावे, नंतर दोर, लांब फांदी किंवा शिडी पुढे सारावी; स्वतः भोकाजवळ जाऊ नये. बाहेर काढलेल्या व्यक्तीचे ओले कपडे उतरवून तिला कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि प्रथम छाती-पोटाकडील भागाला ऊब द्यावी. हातपाय चोळू नयेत आणि मद्य देऊ नये. ती पूर्ण शुद्धीवर असली, तरी वैद्यकीय तपासणी टाळू नये.

प्रश्न : रात्री तळ्यातून गडगडाटासारखे आणि कधी शिट्टीसारखे आवाज येतात. बर्फ फुटत असल्याची ही सूचना असते का?

उत्तर : तापमान झपाट्याने बदलले की बर्फाचा पत्रा आकुंचन-प्रसरण पावतो, त्यात भेगा पडतात आणि त्यांचे हादरे संपूर्ण पत्र्यातून पसरतात. बर्फाच्या पातळ पत्र्यात उच्च वारंवारतेच्या लहरी अधिक वेगाने धावतात, म्हणून दूर उभ्या असलेल्या माणसाला आधी बारीक आणि लगेच मागोमाग जाड स्वर ऐकू येतो. शिट्टीचा भास त्यामुळे होतो. भक्कम बर्फही असे आवाज करतो आणि सांधे सुटलेला बर्फ अगदी मुका असू शकतो, तेव्हा आवाजावरून सुरक्षिततेचा अंदाज बांधू नये.

प्रश्न : बर्फ हटताच काठावर शेकडो मेलेले मासे आढळले. कोणीतरी पाण्यात विष टाकले असावे, असा संशय गावात पसरला असून त्यावरून दोन कुटुंबांत वितुष्ट आले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : हे पत्र वाचून वाईट वाटले, कारण उथळ आणि वनस्पतींनी भरलेल्या तळ्यांत वसंताच्या आरंभी असे दृश्य दिसण्याचे सर्वांत सामान्य कारण पूर्णपणे नैसर्गिक आहे, आणि कोणावर आरोप करण्यापूर्वी ते तपासणे आवश्यक आहे.

तळे गोठले की हवेतून पाण्यात प्राणवायू मिसळण्याचा मार्ग बंद होतो. शून्य अंशाजवळचे गोडे पाणी हवेशी संपर्कात असताना प्रत्येक लिटरमध्ये सुमारे 14.6 मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते, त्यामुळे हिवाळ्याची सुरुवात भरलेल्या कोठाराने होते. त्यानंतर मात्र खर्च चालू राहतो. तळाशी साचलेल्या वनस्पती आणि गाळ कुजत असतो, आणि कुजवणारे जीवाणू तो प्राणवायू वापरत राहतात. बर्फ स्वच्छ आणि उघडा असेल, तर आतील शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने थोडाफार नवा प्राणवायू निर्माण करते. वर हिमाचा जाड थर बसला की पाण्यात अंधार होतो आणि ही आवकही थांबते. हिवाळा लांबला, हिम अधिक पडले आणि तळे उथळ असले, तर प्राणवायूचे प्रमाण लिटरमागे 2 ते 3 मिलिग्रॅमच्या खाली जाऊन अनेक जातींचे मासे गुदमरतात. ते हिवाळ्यातच मेलेले असतात. थंड पाण्यात त्यांची शरीरे नीट टिकून राहतात आणि बर्फ हटल्यावर व पाणी तापून त्यांत वायू धरल्यावर एकदम वर येतात. त्यामुळे मृत्यू काल-परवा घडला असावा, असा समज होतो आणि संशय वाढतो.

याच्या अगदी उलट स्थिती सायबेरियातील बैकाल सरोवराची आहे. तेथे पुष्कळ भागांत वारा हिम उडवून लावतो आणि स्वच्छ बर्फातून इतका प्रकाश आत जातो की वसंतात बर्फाखालीच डायटम या सूक्ष्म शैवालांची दाट वाढ होते. गोठलेले पाणी दोन्हीकडे आहे, फरक वरच्या थरातून प्रकाश जातो की नाही एवढाच आहे.

आपल्या तळ्याच्या बाबतीत काही गोष्टी पाहाव्यात. तळे उथळ आहे का, हिवाळ्यात हिम जास्त होते का, मेलेले मासे कुजू लागलेले होते का, आणि वेगवेगळ्या जातींपैकी कमी प्राणवायू सोसणारे मासे जिवंत आहेत का? क्रूशन कार्प नावाचा मासा प्राणवायू संपल्यावर शरीरात अल्कोहोल तयार करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि थंड पाण्यात कित्येक आठवडे, काही वेळा महिनेही तग धरतो. असा मासा जगला आणि बाकीचे मेले, तर गुदमरण्याचा अंदाज पक्का होतो. याउलट तळे खोल असेल, मासे ताजे असतील, बेडूक, कीटक आणि पक्षीही मेलेले आढळत असतील किंवा पाण्याला अनोळखी रंग अथवा रासायनिक वास येत असेल, तर पाणी व मासे यांचे नमुने तपासण्यासाठी संबंधित शासकीय खात्याला ताबडतोब कळवावे. निष्कर्ष येईपर्यंत मेलेले मासे खाऊ नयेत आणि जनावरांनाही घालू नयेत.

पुढील हिवाळ्यासाठी एक उपाय गावाच्या हातात आहे. शेतातील खत आणि शेण गोठलेल्या जमिनीवर पसरू नये. गोठलेली जमीन पाणी मुरवू शकत नाही, म्हणून वितळणाऱ्या हिमाबरोबर खतातील फॉस्फरस सरळ तळ्यात जातो, उन्हाळ्यात वनस्पती माजतात आणि त्याच पुढच्या हिवाळ्यात कुजून प्राणवायू संपवतात. दोन कुटुंबांच्या भांडणापेक्षा या चक्राकडे गावाने लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : बर्फ जाताच बेडूक ओरडू लागतात आणि कासवे ओंडक्यांवर येऊन बसतात. एवढे महिने ती कोठे असतात?

उत्तर : निरनिराळ्या प्राण्यांनी निरनिराळे मार्ग काढलेले आहेत. उत्तर अमेरिकेतील पेंटेड टर्टल हे कासव तळाच्या चिखलात, जवळजवळ प्राणवायूविना, तीन महिन्यांहून अधिक काळ राहू शकते. प्राणवायू नसताना शरीरात लॅक्टिक आम्ल साचते. हे कासव आपल्या कवचातील आणि हाडांतील कॅल्शियमयुक्त क्षार रक्तात सोडून त्या आम्लाचा परिणाम आटोक्यात ठेवते. बर्फ हटल्यावर ओंडक्यावर उन्हात तासन्‌तास बसणारे कासव साचलेल्या आम्लाचा निचरा करीत असते, म्हणून त्याला हुसकावून पाण्यात पाडणे टाळावे.

वूड फ्रॉग या बेडकाची कथा आणखी विलक्षण आहे. तो पाण्यात न राहता जंगलातील पालापाचोळ्याखाली हिवाळा काढतो आणि खरोखर गोठतो. त्याच्या शरीरातील सुमारे 65 टक्के पाण्याचा बर्फ होतो, श्वास आणि हृदय थांबते. यकृतातून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडलेले ग्लुकोज पेशींना आतून गोठण्यापासून वाचवते. ऊब येताच हृदय पुन्हा चालू होते आणि थोड्याच दिवसांत तो उथळ डबक्यांत अंडी घालण्यासाठी हजर होतो. इतर काही बेडूक तळ्याच्या तळाशी त्वचेवाटे श्वास घेत राहतात, आणि माशांचा प्राणवायू संपतो तेव्हा तेही त्याच संकटात सापडतात.

प्रश्न : बर्फ गेल्यावर काही दिवस तळ्याचे पाणी गढूळ होते आणि त्याला वास येतो. विहिरीचे पाणीही बदलल्यासारखे वाटते. ते वापरावे का?

उत्तर : ही दोन वेगळी कारणे आहेत. बर्फ हटल्यावर संपूर्ण तळ्याचे पाणी 4 अंशांच्या आसपास एकसारखे होते, मग वारा ते तळापासून वरपर्यंत घुसळून काढतो. तळाकडील साचलेले वायू आणि गाळ वर येतो, म्हणून वास व गढूळपणा जाणवतो. त्याच वेळी ताजा प्राणवायू खोलवर पोहोचतो आणि पोषक द्रव्ये वर आल्यामुळे शैवालांची वाढ सुरू होते. तळ्याच्या दृष्टीने ही घुसळण फार मोलाची आहे.

विहिरीच्या बाबतीत मात्र निष्काळजी राहू नये. जमीन आत गोठलेली असल्याने हिमाचे पाणी पृष्ठभागावरून वाहत शेणखताचे ढीग आणि सेप्टिक टाक्यांजवळून विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पाण्याचा रंग, चव किंवा वास बदलला असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ते खळखळून उकळी आल्यावर किमान 1 मिनिट उकळावे आणि 2000 मीटरपेक्षा उंच ठिकाणी 3 मिनिटे. उकळण्याने जंतू मरतात, रासायनिक द्रव्ये जात नाहीत, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : जोराच्या वाऱ्यात बर्फ काठावर चढून कुंपण मोडून गेला. हे नेहमी घडते का?

उत्तर : काठापासून सुटलेला पत्रा वाऱ्याच्या हाती सापडला की त्याचे प्रचंड वजन एका दिशेने सरकते आणि उताराच्या काठावर तुकड्यांची भिंत चढत जाते. मे 2013 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या मिल लॅक्स तळ्यावर आणि कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या डॉफिन तळ्यावर अशाच बर्फाने घरांचे मोठे नुकसान केले होते. बर्फ सरकू लागला की तो मिनिटांत घरापर्यंत येऊ शकतो, म्हणून सुट्या बर्फाच्या दिवसांत वाऱ्याचा इशारा मिळाल्यास काठावरच्या नावा आणि सामान आधीच मागे हलवावे आणि सरकणाऱ्या बर्फाजवळ उभे राहून तो पाहू नये.

प्रश्न : आमच्या छोट्या शाळेतील मुलांना तळ्याची नोंदवही ठेवायची आहे. काय नोंदवावे, आणि अशा नोंदींचा कोणाला उपयोग होतो का?

उत्तर : उपयोग किती होतो, हे सांगताना मला फार आनंद होतो. जपानमधील सुवा सरोवर गोठल्यावर त्यावर बर्फाचा उंचवटा उभा राहतो. तेथील मंदिराच्या पुजाऱ्यांनी त्याच्या नोंदी 1443 पासून ठेवल्या आहेत. फिनलंड आणि स्वीडनच्या सीमेवरील टोर्न नदीचा बर्फ कधी फुटला, याच्या नोंदी 1693 पासून आहेत. त्या लिहिणाऱ्यांच्या मनात हवामानशास्त्र नव्हते, तरीही आज शास्त्रज्ञ त्यांच्याच आधारे बोलतात. जॉन मॅग्नसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोलार्धातील तळी व नद्यांच्या नोंदी तपासून 2000 साली दाखवून दिले की 1846 ते 1995 या काळात बर्फ धरण्याची तारीख दर शंभर वर्षांमागे सरासरी 5.8 दिवसांनी पुढे गेली आणि बर्फ फुटण्याची तारीख 6.5 दिवसांनी अलीकडे आली. बैकालवर 1945 पासून मिखाईल कोझोव्ह, त्यांची कन्या आणि नात अशा तीन पिढ्यांनी पाण्याचे तापमान व त्यातील सूक्ष्म जीव नियमित मोजले, म्हणून त्या सरोवराचे तापणे निर्विवादपणे सिद्ध होऊ शकले.

मुलांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निकष आधी ठरवणे. 'बर्फ गेला' म्हणजे नेमके काय? शाळेच्या खिडकीतून दिसणारा सगळा भाग मोकळा झाला तो दिवस, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नाव न अडता जाऊ शकेल तो दिवस? कोणताही निकष चालेल, परंतु तो वहीच्या पहिल्या पानावर लिहावा, दरवर्षी तोच पाळावा आणि बदलावाच लागला तर बदलाचे वर्ष व कारण नमूद करावे. त्याच्या जोडीला बर्फावरील हिम संपल्याचा दिवस, काठालगत पहिले पाणी दिसल्याचा दिवस, पहिला बेडूक ऐकू आल्याचा दिवस आणि पहिला पाणपक्षी उतरल्याचा दिवस लिहावा. लून पक्ष्याला उडण्यासाठी पाण्यावर लांब धाव घ्यावी लागते, त्यामुळे पुरेसे पाणी मोकळे झाल्यावरच तो तळ्यावर उतरतो. त्याच्या आगमनाची तारीख बर्फाच्या तारखेशी ताडून पाहण्यासारखी असते. पाइक हा मासा बर्फ हटताच पाण्याखाली गेलेल्या काठच्या गवतात अंडी घालतो. मुलांनी ती जागा दुरूनच पाहावी आणि मोठ्यांनी तेथून ट्रॅक्टर नेऊ नये.

सर्व नोंदी काठावरून किंवा खिडकीतून करता येतील अशाच ठेवाव्यात. जाडी मोजण्यासाठी कोणत्याही मुलाला वसंताच्या बर्फावर पाठवू नये. रोजच्या नोंदीत वेळ, निरीक्षणाची जागा आणि लिहिणाऱ्याचे नाव असावे, आणि काहीच बदलले नाही त्या दिवशीही 'बदल नाही' असे लिहावे, कारण कोरी राहिलेली तारीख नंतर वाचणाऱ्याला बदल झाला नव्हता की कोणी पाहिलेच नव्हते, हे सांगू शकत नाही.